केजन मसाला घरी करताना: काय घ्यायचं, काय टाळायचं आणि मीठ कुठे घालायचं

केजन मसाल्याचा तयार डबा आपल्या लोकांच्या घरात एकाच तक्रारीमुळे फडताळात मागे जातो: पदार्थ खारट झाला, पण मसाल्याची चव काही लागली नाही. दोष डब्याचा नाही. त्यात सगळ्यात जास्त असतं ते मीठ. केजन मसाला हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लुईझियाना राज्याचा. तिथल्या ऑपेलूसस गावचा ‘टोनी सॅशरी’ छापाचा डबा घ्या किंवा विल प्लाट गावचा ‘स्लॅप या मामा’, मागच्या घटकांच्या यादीत पहिलं नाव मिठाचंच आहे, आणि अमेरिकेत ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. चवीसाठी मसाला वाढवला की मीठ वाढतं, मीठ सांभाळलं की चव पडते.

मी लुईझियानातल्या बॅटन रूजला राहते. इथे नव्याने येणारी मराठी मंडळी हा मसाला कसा करायचा ते हमखास विचारतात, आणि पुण्या-मुंबईहूनही विचारणा होते, कारण आता तिथल्या हॉटेलांच्या मेनूवर ‘केजन’ दिसायला लागलं आहे. म्हणून दोन्हीकडच्यांना उपयोगी पडेल असं लिहिते आहे. भारतात जे मिळत नाही त्याला काय चालेल, ते त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे.

दोन गोष्टी आधीच सांगते. बरणीत मीठ घालायचं नाही. आणि काहीही भाजायचं नाही. दुसरी गोष्ट आपल्याला जास्त जड जाते. मसाला म्हटलं की आपला हात कढईकडेच जातो. गोडा मसाला असो की काळा, जिन्नस भाजल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. केजन मसाल्यात सगळे जिन्नस कच्चेच मिसळतात. त्यांचं भाजणं-परतणं नंतर भांड्यात, लोण्यात किंवा तेलात होतं. पॅप्रिका आणि लसणाची पावडर आधीच कोरडी भाजली, तर पॅप्रिका तपकिरी पडते, लसूण कडू होतो, आणि तो कडवटपणा पुढे कशानेही जात नाही.

१. आधी ठरवा: केजन की क्रिओल?

१७५५ पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया आणि आसपासच्या भागातून फ्रेंच भाषक अकेडियन लोकांना हुसकावून लावलं. त्यांतले बरेचजण पुढच्या दोन-तीन दशकांत लुईझियानात पोहोचले आणि दलदलीच्या, खाड्यांच्या, गवताळ रानाच्या मुलुखात वसले. केजन ते हे. जे पकडलं, मारलं, पिकवलं ते एका मोठ्या भांड्यात शिजवायचं, अशी त्यांची पद्धत. क्रिओल स्वयंपाक न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहराचा: फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी, कॅरिबियन आणि मूळ अमेरिकन हात लागलेला, लोणी आणि टोमॅटो सढळ हाताने वापरणारा.

मसाल्यापुरतं बोलायचं तर केजनमध्ये मिरी-मिरचीचा जोर, क्रिओलमध्ये थाईम, ओरेगॅनो, बेसिल अशा वाळलेल्या पानांचा. दुकानातल्या नावांवर मात्र जाऊ नका. वर सांगितलेला टोनी सॅशरीचा डबा ऑपेलूससचा, म्हणजे ऐन केजन मुलुखातला, त्यावर लिहिलंय ‘क्रिओल’, आणि पानांचा वास त्यात जवळजवळ नाहीच. इथल्या घरांतही यावरून रंगात येऊन भांडणं होतात. तुम्ही त्यात न पडता आधी केजन करा. क्रिओल त्याच्यातूनच निघतो, ते पाचव्या पायरीत.

२. काय काय लागेल

जिन्नस, साधारण ९५ ग्रॅम मसाल्यासाठी:

- गोडी पॅप्रिका: ३० ग्रॅम
- लसणाची पावडर: २० ग्रॅम
- कांद्याची पावडर: १४ ग्रॅम
- काळी मिरी, ताजी कुटलेली: १० ग्रॅम
- केयेन, म्हणजे तिखट लाल मिरचीची पूड: ८ ग्रॅम
- पांढरी मिरी, पूड करून: ५ ग्रॅम
- वाळलेला थाईम: ४ ग्रॅम
- वाळलेला ओरेगॅनो: ४ ग्रॅम

अवजारं: ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, मिक्सरचं चटणीचं भांडं, बारीक चाळणी, एक परात किंवा मोठा वाडगा, हवाबंद काचेच्या दोन लहान बरण्या.

वजनकाटा नसेल तर चमच्यांनीही होतं, पण मग प्रत्येक वेळी चव थोडी वेगळी येणार. चमचाभर कांदा पावडर आणि चमचाभर वाळका थाईम यांच्या वजनात दुपटीहून जास्त फरक असतो.

३. दुकानात: इथेच जास्त घोळ होतात

*चिली पावडर.* अमेरिकेत नव्याने आलेल्यांचा हा ठरलेला सापळा. इथल्या दुकानात ‘चिली पावडर’ लिहिलेली बाटली म्हणजे आपलं तिखट नव्हे. तो टेक्सासकडच्या ‘चिली’ नावाच्या रश्श्याचा तयार मसाला असतो: मिरचीपूड, जिरं, ओरेगॅनो, लसूण, कधी मीठही. त्यातलं जिरं आपल्या मिश्रणाचा वासच बदलून टाकतं. तुम्हाला ‘केयेन’ किंवा ‘ग्राउंड रेड पेपर’ लिहिलेली बाटली हवी.

*पॅप्रिका.* गोडी म्हणजे ‘स्वीट’ पॅप्रिका घ्या. ती जवळजवळ तिखट नसते. रंग आणि एक हलकी फळासारखी गोडी देते. धुरावलेली, म्हणजे ‘स्मोक्ड’ पॅप्रिका ही स्पेनची. लुईझियानाच्या जेवणात धुराचा वास येतो तो आंदुई सॉसेज आणि टॅसो या धुरी दिलेल्या डुकराच्या मांसामुळे, मसाल्यामुळे नव्हे. पण तुम्ही शाकाहारी असाल तर तीसपैकी दहा ग्रॅम स्मोक्ड घ्या. पदार्थात जे नसणार, त्याची थोडी भरपाई होते. हे माझं मत. इथले जुने लोक नाक मुरडतील.

भारतात पॅप्रिकाऐवजी काश्मिरी तिखट चालतं, ब्याडगीही चालते. दोन्हींचा रंग उत्तम. मात्र दोन्ही गोड्या पॅप्रिकापेक्षा तिखट असतात, त्यामुळे केयेन आठवरून तीन-चार ग्रॅमवर आणा. ‘काश्मिरी’ नावाच्या पाकिटांचा तिखटपणा एकमेकांशी जुळत नाही. नवीन पाकीट आणलं की आधी चिमूट जिभेवर ठेवून बघा. केयेनच्या जागी घरातलं नेहमीचं साधं तिखट चालेल. लवंगी मिरचीचं असेल तर आणखी हात आखडता घ्या.

*लसूण आणि कांदा.* या दोन पावडरी विकतच्याच घ्या. गुजरातेतलं महुवा हे वाळवलेल्या कांद्याचं मोठं केंद्र आहे, आणि अशी पावडर आता शहरांतल्या मोठ्या किराणा दुकानांत मिळते. घरी गच्चीवर काप वाळवून पावडर करता येते, हे खरं. पण काप कडकन मोडेपर्यंत वाळले नाहीत तर आतला ओलावा आठ-पंधरा दिवसांत अख्ख्या बरणीला बुरशी आणतो. अमेरिकेत ‘गार्लिक सॉल्ट’ आणि ‘गार्लिक पावडर’ शेजारी-शेजारी, एकाच रंगाच्या बाटल्यांत ठेवतात. पहिली घेतलीत तर सुरुवातीचं सगळं रामायण परत.

कांदा-लसूण म्हटल्यावर कोल्हापूर-सातारकडच्यांना आपला कांदा-लसूण मसाला आठवणार. तो इथे घालू नका. त्यात कांदा-लसूण तेलावर परतलेले असतात, सोबत खोबरं, धणे, तीळ आणि सगळा गरम मसाला. चव झकास, पण केजनशी संबंध उरत नाही. आणि कांदा-लसूण खात नसाल तर हा मसाला तुमच्यासाठी नाही. हिंगावर भागत नाही.

*थाईम आणि ओरेगॅनो.* ताजी पानं नकोत, ती ओली असतात. वाळकी पानं हातावर चोळून वास घ्या. वास आला नाही तर बाटली जुनी आहे. पिझ्झासोबत येणाऱ्या पुड्या साठवून ठेवल्या असतील तर मागचं छापील वाचा: ‘ओरेगॅनो सीझनिंग’ म्हणजे त्यात मीठ, मिरची आणि इतर बरंच काही. थाईम मिळालाच नाही तर ओवा. थाईमला त्याचा वास देणारं थायमॉल ओव्यातही असतं, आणि ओव्यात ते भलतंच जास्त. म्हणून चार ग्रॅम थाईमच्या जागी ओव्याची पूड अर्धा ग्रॅम, म्हणजे मोठी चिमूट, पुरे. जास्त झाली की मसाल्याला थेट भज्यांचा वास येतो.

*तमालपत्र.* क्रिओल मिश्रणात ‘बे लीफ’ येतं. आपलं तमालपत्र ते नव्हे. पान उलटं करून पाहा: तमालपत्राला देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात आणि वास दालचिनी-लवंगेकडे झुकतो. बे लीफला मधोमध एकच शीर, पान लहान, वास थोडा निलगिरीसारखा. खरं पान मिळालं नाही तर ते घालूच नका.

४. दळा, चाळा, मिसळा

मिरी, थाईम आणि ओरेगॅनो तेवढे मिक्सरमध्ये घ्या. ज्या भांड्यात कालच गोडा मसाला किंवा जिरेपूड केली असेल, त्यात आधी मूठभर कोरडे पोहे फिरवून टाकून द्या, नाहीतर दगडफुलाचा वास थाईमवर बसतो. मिक्सर सलग न चालवता थांबून-थांबून फिरवा. भांडं तापलं की पानांचा वास उडतो. मिरी अगदी पिठासारखी करू नका, थोडी भरड राहू द्या. काळी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या फिरवा, म्हणजे वजन चुकणार नाही.

झाकण लगेच उघडू नका. दोन-तीन मिनिटं पूड खाली बसू द्या. पांढरी मिरी आणि केयेन एकत्र उडाली की घरभर ठसका लागतो.

कांदा-लसणाच्या पावडरीत हमखास गुठळ्या असतात, त्या चाळणीतून बोटांनी दाबून काढा. मग सगळं परातीत घेऊन उलथन्याने खालून वर आणत मिसळा. नीट मिसळलं की मिश्रण एकसारखं विटकरी दिसतं, पांढुरके पट्टे राहत नाहीत. वाडग्यात नुसतं चमच्याने ढवळलं तर जड मिरी तळाला जाते आणि पहिली अर्धी बरणी मिळमिळीत, उरलेली जहाल होते.

५. याचाच क्रिओल

तयार मसाल्यातला निम्मा, साधारण ४७ ग्रॅम, वेगळा काढा. त्यात १० ग्रॅम गोडी पॅप्रिका, थाईम, ओरेगॅनो आणि वाळलेलं बेसिल प्रत्येकी २ ग्रॅम मिसळा. बे लीफ मिळालं असेल तर एका पानाची वस्त्रगाळ पूड. झालं. बेसिलऐवजी तुळस नको, तिचा वास लवंगेसारखा तीव्र असतो.

६. चव बघायची ती लोण्यात

कोरडा मसाला चाटून काही कळत नाही. छोट्या कढईत चमचाभर लोणी मंद आचेवर वितळवा, पाव चमचा मसाला घालून अर्धा मिनिट ठेवा, चिमूटभर मीठ टाका, आणि भाताच्या घासावर किंवा पावाच्या तुकड्यावर घेऊन खा. मग अर्धा मिनिट थांबा. काळी मिरी लगेच नाकात आणि जिभेच्या शेंड्यावर येते. केयेन उशिरा पोहोचते आणि घशाशी रेंगाळते. पांढरी मिरी मधेच, थोड्या मातकट वासाने. तिन्ही वेगवेगळ्या कळल्या पाहिजेत. नुसतीच घशात आग असेल तर केयेन जास्त झाली, तेव्हा पॅप्रिका, कांदा आणि लसूण थोडे वाढवा. काहीच जाणवत नसेल तर आधी काळी मिरी वाढवा, केयेन नंतर.

आपल्या बऱ्याच लोकांना हा मसाला तिखट वाटणारच नाही. म्हणून दुप्पट तिखट घालायचा मोह टाळा. मिरची पुढे आली की थाईम आणि मिरी दोन्ही झाकली जातात.

७. मीठ

अर्धा किलो मासे किंवा कोंबडीला एक मोठा चमचा, म्हणजे सात-आठ ग्रॅम मसाला आणि वेगळं एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ते सहा ग्रॅम चौघांत वाटले जाणार आहेत हे ध्यानात ठेवा, आणि सोबत सॉसेज किंवा खारवलेलं लोणी असेल तर मीठ निम्म्यावर आणा. एखाद्या पाककृतीत ‘दोन चमचे केजन सीझनिंग’ लिहिलं असेल, तर बहुधा ते मीठ धरून लिहिलेलं असतं. तुमच्या बरणीत ते नाही, म्हणून चव बघून घाला.

८. बरणीत भरताना

उजेडात लाल रंग उडतो, तेव्हा बरणी गॅसशेजारच्या मांडणीवर ठेवू नका. बंद कपाटात ठेवा. सहा महिन्यांत संपेल इतकाच करा. कोकणातला पावसाळा आणि लुईझियानाचा उन्हाळा, दोन्ही या मसाल्याचे वैरी: कांदा-लसूण हवेतलं पाणी ओढतात आणि बरणीत एकसंध वीट तयार होते. रोजच्या वापराला लहान बरणी, बाकीची फ्रिजमध्ये घट्ट झाकून. फ्रिजमधली बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. आणि उकळत्या भांड्यावर बरणी उपडी करून मसाला शिंपडू नका, वाफ आत जाते. आधी वाटीत काढा. नुसती गुठळी झाली तर फोडून वापरता येते. कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर फेकून द्या.

९. आता वापरायचा कसा

*ब्लॅकन्ड मासा.* मसाला लावून तापल्या तव्यावर काळपट भाजलेला मासा. हा प्रकार गाजवला पॉल प्रुडोम यांनी. ऑपेलूससजवळच्या शेतावर वाढलेल्या या आचाऱ्याने १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये के-पॉल्स नावाची खानावळ काढली. त्यांचा ब्लॅकन्ड रेडफिश इतका लोकप्रिय झाला की ऐंशीच्या दशकात मेक्सिकोच्या आखातातल्या रेडफिशच्या मासेमारीवर सरकारला निर्बंध घालावे लागले. घरी करायला अर्धा-पाऊण इंच जाडीचे, काटा नसलेले तुकडे घ्या: अमेरिकेत कॅटफिश, आपल्याकडे रावस किंवा जिताडा. बासा पाणी सोडतो, तो नको. हळद-लिंबू लावून ठेवू नका, रवाही नको. तुकडे कागदाने अगदी कोरडे टिपा, वितळलेल्या लोण्यात बुडवा, दोन्ही बाजूंना मसाला-मीठ दाबा. बिडाचा तवा कोरडाच चांगला तापवून त्यावर टाका. एका बाजूला दोनेक मिनिटं, मग उलटा. कवच काळपट-तपकिरी हवं. कोळसा झाला असेल तर तवा जास्त तापला.

धूर मात्र प्रचंड होतो. अमेरिकेत अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर धुराचा अलार्म वाजणारच. बाल्कनीत किंवा अंगणात शेगडी लावता येत असेल तर बाहेर करा. फ्लॅटमध्ये करायचंच असेल तर मोठे तवे टाळा, एका वेळी एकच तुकडा.

*राजमा-भात.* न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी रेड बीन्स अँड राइस करायची जुनी रीत आहे, आणि त्या शहराचा जाझ संगीतकार लुई आर्मस्ट्राँग तर पत्राखाली ‘रेड बीन्स अँड राइसली युअर्स’ अशी सही करायचा. शाकाहारी मराठी घराला या मसाल्याची ओळख करून द्यायला याहून सोपा पदार्थ नाही. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची बारीक चिरून तेलात मऊ परता (इथल्या निम्म्या पदार्थांची सुरुवात याच तिघांनी होते), मग दीड चमचा मसाला घालून मिनिटभर परता, मग कुकरमध्ये शिजवलेला राजमा पाण्यासकट घालून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ठेवा. थोडे दाणे डावाने कढईच्या कडेला ठेचा, रस दाट होतो. टोमॅटो आणि आलं घातलंत तर तो आपला नेहमीचा राजमा झाला. सेलरी मिळाली नाही तर कोथिंबिरीचे देठ चालवून घ्या.

*गम्बो.* हा लुईझियानाचा दाट रस्सा. मैदा आणि तेल समभाग घेऊन चॉकलेटी रंगावर येईपर्यंत मंद आचेवर सतत हलवत राहायचं, याला इथे रू म्हणतात. अर्धा-पाऊण तास जातो. मसाला नुसत्या तापलेल्या रूमध्ये टाकू नका, क्षणात करपतो. आधी चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची घाला, त्यांच्या पाण्याने रू निवला की मग मसाला.

गम्बो दाट करायला काही घरांत फिले वापरतात. ही सासाफ्रास झाडाच्या पानांची पूड, मूळची इथल्या चॉक्टॉ या मूळ अमेरिकन लोकांकडची. ती मसाल्याच्या बरणीत मिसळू नका. गॅस बंद केल्यावर वरून घालायची असते, उकळली तर रस्सा तारेसारखा चिकट होतो. भारतात फिले शोधत बसू नका. दुसरी जुनी पद्धत भेंडीची आहे, तीच वापरा. चकत्या आधी वेगळ्या तेलात तार जाईपर्यंत परता आणि मगच रश्श्यात सोडा.